पाण्याने जायचे कुठे?

आमच्या कर्जत-खालापूर भागाला पाण्याची दोन दुखणी आहेत. जुलैत पाणी घरात शिरते आणि एप्रिलमध्ये ते विहिरीतून नाहीसे होते. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, माथेरानच्या माथ्यावर तर पाच हजारांच्या आसपास, आणि तरीही उन्हाळ्यात डोंगरातल्या आदिवासी वाड्या टँकरची वाट बघत बसतात. देशावरच्या पाहुण्यांना हे सांगितले तर त्यांना थट्टा वाटते. पण ही थट्टा नाही, आणि माझ्या मते ही दोन वेगळी दुखणीही नाहीत. दोन्हींचे मूळ एकच आहे. पडलेल्या पावसाने कुठे जायचे, किती वेळ थांबायचे आणि कोणत्या वाटेने निघायचे, याचा विचार आपण सोडून दिला आहे.

हा विचार पूर्वी होता का? होता. त्याला तेव्हा कोणी शास्त्र म्हणत नव्हते एवढेच. आज थोडे त्या इतिहासाकडे बघू.

सुरुवात भातखाचरापासून करावी लागेल. आपल्याकडे भात सगळे पाहतात, खाचर फारसे कोणी पाहत नाही. खाचर म्हणजे मुळात उथळ तळे आहे. चारी बाजूंनी मातीचा बांध, आणि जास्तीचे पाणी खालच्या खाचरात सोडायला बांधाला ठेवलेली एक वाट. डोंगराच्या पायथ्यापासून नदीपर्यंत अशी खाचरांची उतरंड असते. वरच्या खाचरातले पाणी खालच्यात, खालच्यातले त्याच्या खालच्यात, असे करत ते वहाळाला मिळते आणि मग नदीला. जोराची सर आली की शेतकरी इरले डोक्यावर घेऊन, फावडे हातात धरून बांधावर हजर. खेकड्याने बांध पोखरला आहे का, वाट तुंबली आहे का, हे बघायला. हे काम त्याला कोणी नेमून दिलेले नव्हते. त्याचे भात त्यावर अवलंबून होते, म्हणून ते होत असे.

यातला हिशेब साधा आहे. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. एवढ्या खाचरात नेहमीपेक्षा चार बोटे पाणी जास्त थांबले, तर ते होते तीन लाख लिटर. हे पाणी पुढचे काही तास नदीत जात नाही, आणि नदीला पूर येण्या-न येण्याचा प्रश्न पुष्कळदा त्या काही तासांचाच असतो. आता त्याच एकरावर भराव टाकून प्लॉट पाडले, रस्ते काँक्रीटचे केले आणि अंगणात फरशी बसवली, की दिवसाला २०० मिलीमीटर पावसात आठ लाख लिटर पाणी त्या एकरावर पडते आणि त्यातले बहुतेक सगळे तासाभरात बाहेर पडू पाहते. खाचर जाऊन बंगला आला याचे दुःख करत बसण्यात अर्थ नाही. पण खाचर जे काम फुकट करत होते ते आता कोण करणार, हे तरी विचारायला हवे.

दुसरी गोष्ट तळ्यांची. खोपोलीला, बोरघाटाच्या पायथ्याशी, नाना फडणवीसांनी महादेवाचे देऊळ आणि त्यालगत मोठे दगडी तळे बांधले. पनवेलहून पुण्याकडे जाणारे प्रवासी, लमाण, बैल, फौजा सगळे घाट चढण्यापूर्वी येथे थांबत. जिथे पावसाळ्यात डोंगरावरून धबधबे कोसळतात तिथे तळ्याची गरज काय, असा प्रश्न शाळेतली मुले मला विचारत. उत्तर असे की ती गरज पावसाळ्यातली नव्हतीच. डोंगरावरून आलेले पाणी दसऱ्यानंतर राहत नाही, हे त्या काळच्या माणसांना पक्के ठाऊक होते. म्हणून चार महिन्यांचे पाणी आठ महिन्यांसाठी अडवायचे. आमच्या गावोगावच्या देवळांपुढची तळी याच समजुतीतून आली आहेत.

मग १८५६ साली रेल्वे आली. कल्याणकडून निघालेला रूळ त्या वर्षी पळसदरी-खोपोलीपर्यंत पोचला, आणि बोरघाट चढून तो वर जायला १८६३ साल उजाडले. घाटातले बोगदे, पूल, मेलेल्या हजारो मजुरांच्या कथा याविषयी बरेच लिहिले गेले आहे. मला आज सांगायचे आहे ते खालच्या सपाटीवरच्या भरावाविषयी. माथेरानच्या डोंगराचे पूर्वेकडचे पाणी उल्हास नदीकडे जाताना नेरळ-भिवपुरीच्या पट्ट्यात रूळ ओलांडूनच जाते. त्याआधी हे पाणी शेकडो वाटांनी पसरून जात असे. भराव झाल्यावर त्याला साहेबाने ठेवलेल्या मोऱ्यांमधूनच जाणे भाग पडले. मोऱ्या चांगल्या होत्या, दगडी होत्या, अनेक आजही उभ्या आहेत. पण तत्त्व बदलले. पाण्याने वाट निवडायची नाही, वाट इंजिनिअर ठरवणार, हे त्या दिवसापासून सुरू झाले. मोरीच्या तोंडाशी त्या काळी शेत होते, म्हणून पाणी तुंबले तरी कोणाचे बिघडत नव्हते. आज त्याच तोंडाशी इमारत उभी असते.

त्यापुढचा मोठा बदल वरून आला, अगदी शब्दशः. टाटांनी लोणावळ्याच्या बाजूला धरणे बांधली आणि १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले. घाटमाथ्यावरचे, एरवी पूर्वेकडे भीमेला जाणारे पाणी सुमारे सतराशे फूट खाली आणून पाताळगंगेत सोडले गेले. १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजघर आले, आणि ठोकरवाडीच्या धरणाचे पाणी पेज नदीतून उल्हासला मिळू लागले. उन्हाळ्यात कोरडी पडणारी नदी बारमाही वाहू लागली. बदलापूर, अंबरनाथ, कल्याण, उल्हासनगर ही शहरे आणि तिथले कारखाने पुढे याच पाण्यावर वाढले. गंमत अशी की नदी वाहती दिसते म्हणून आपल्याला वाटते पाणी पुष्कळ आहे. पण ते पाणी घाटमाथ्यावरचे आहे. आपल्या स्वतःच्या डोंगरावर पडलेला पाऊस केव्हाच खाडीला गेलेला असतो. नदीकाठी मुबलक पाणी आणि दोन-तीन मैलांवरच्या वाडीत कोरडी विहीर, या कोड्याचे उत्तर इथे आहे.

स्वातंत्र्यानंतर कारखाने आले, खोपोली वाढली, रसायनीची वसाहत झाली. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले. जुलै १९८९ मध्ये शेजारच्या सुधागड तालुक्यात अंबा नदीने जांभूळपाडा गावाची वाताहत केली, तेव्हा पहिल्यांदा आमच्या भागातल्या माणसांना पावसाची खरी भीती बसली. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. त्याने खालापूर तालुका मुंबईला दोन तासांवर आणून ठेवला आणि जमिनीचे भाव एकदम बदलले. वरकस जमिनीवर फार्महाऊस, भातजमिनीवर 'सेकंड होम'. जाहिरातीत हिरवळ, धबधबा आणि ढग. जागेवर मात्र पहिले काम जेसीबीने वहाळ बुजवण्याचे.

मग आला २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्याच दिवसांत उल्हास नदीने बदलापूर-कल्याणची दैना केली आणि नेरळ-माथेरानची छोटी गाडी मार्ग वाहून गेल्याने बंद पडली, ती २००७ मध्ये पुन्हा धावली. पुढे २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. ते पाणी कुठून आले होते? पुष्कळसे आमच्याच कर्जत तालुक्यातून. १८८२ च्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये कर्जत तालुका ठाणे जिल्ह्यात आहे. पुढे कागदावर आम्ही कुलाब्यात गेलो, पण आमचे पाणी अजून ठाण्याकडेच जाते. आमच्याकडे एखादी वसाहत बिनशेती होते तेव्हा तिच्या पाण्याचा ताप दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाला होतो, आणि त्याला त्या कागदावर हरकत घ्यायची सोय नसते.

मुंबईच्या गटारांच्या इतिहासात एक आकडा आहे, तो प्रत्येक नगरसेवकाने लक्षात ठेवावा असा आहे. मुंबईची जुनी पर्जन्यजल व्यवस्था तासाला २५ मिलीमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती, आणि त्यातही निम्मे पाणी जमिनीत मुरेल असे धरले होते. १९८५ च्या पावसानंतर अभ्यास सुरू झाला आणि १९९३ साली 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल आला. त्याने तासाला ५० मिलीमीटर धरायला सांगितले आणि मुरणारे पाणी शून्य धरले. म्हणजे शंभर वर्षांत शहराने आपल्या पायाखालची जमीन पाणी पिण्यापुरती तरी मेली आहे, हे अधिकृतपणे मान्य केले! मुंबईला दुसरा इलाज नव्हता. आपल्याला अजून आहे.

हा इलाज परदेशात आता पद्धतशीर शिकवला जातो. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीने १९९० च्या दशकात त्याची सुरुवात केली. पाणी एकत्र गोळा करून मोठ्या नळाने दूर फेकण्यापेक्षा, ते जिथे पडते तिथेच लहान लहान जागी थांबवायचे. अंगणात खोलगट बाग, रस्त्याकडेला गवताचा चर, फटी ठेवून बसवलेली फरशी, छपराच्या पाण्याला हौद. चीनने २०१५ च्या सुमारास काही शहरे निवडून 'स्पंजासारखे शहर' अशी मोहीमच काढली. वाचताना मला आमचे खाचर, देवळापुढचे तळे आणि पागोळ्यांखाली माती उखडू नये म्हणून लावलेली दगडांची रांग आठवली. नाव नवीन आहे, अक्कल जुनी आहे.

पण भाबडेपणा नको. चीनमधले झेंगझोऊ हे त्या मोहिमेतलेच शहर. तिथे २० जुलै २०२१ ला एका तासात २०१.९ मिलीमीटर पाऊस पडला आणि शहर बुडाले. म्हणजे असल्या उपायांनाही मर्यादा आहे. आमच्या भागाला तर दोन खास मर्यादा आहेत. एक म्हणजे आपली जमीन. वर थोडी माती, मग मुरूम, मग काळा कातळ. जूनमध्ये ती पाणी पिते, पण जुलैच्या मध्यावर ती भरलेली असते, तेव्हा शोषखड्डा कितीही खोदा, तो डबकेच होतो. म्हणून देशावरची 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा इथे जशीच्या तशी चालत नाही. इथे पाणी आधी थोपवायला हवे, सावकाश सोडायला हवे, आणि जमेल तेवढे साठवायला हवे. दुसरी मर्यादा उताराची. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली. मुसळधार पावसात भिजलेला डोंगर काय करू शकतो हे त्या रात्री दिसले. तेव्हा कड्याखाली आणि तीव्र उतारावर पाणी मुरवायच्या गोष्टी कोणी करू नयेत. तिथले पाणी सुखरूप बाहेरच काढले पाहिजे. कुठे मुरवायचे, कुठे थोपवायचे आणि कुठे वाट द्यायची, हे त्या त्या जागेवर ठरते. सरसकट एकच नकाशा लावला की घात होतो.

या वादाचे ताजे उदाहरण आमच्याच तालुक्यात, माथेरानला आहे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी ते 'शोधले' म्हणतात (तिथल्या ठाकरांना ते आधीपासून ठाऊकच होते!). तिथे मोटारी नाहीत, रस्ते जांभ्याच्या लाल मातीचे. २००३ साली तो भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. घोड्यांच्या टापांनी सुटी झालेली माती दर पावसाळ्यात धुऊन जाते, रस्ते खचतात, झाडांची मुळे उघडी पडतात. म्हणून पेव्हर ब्लॉक बसवायला सुरुवात झाली, आणि भांडण लागले. हातरिक्षा ओढणाऱ्याला आणि नंतर ई-रिक्षा चालवणाऱ्याला सपाट रस्ता हवा. घोडेवाला म्हणतो, ओल्या ब्लॉकवर घोडा घसरतो. झाडांची काळजी करणारे म्हणतात, रस्ता बांधलात की माथेरान संपले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ब्लॉकना परवानगी दिली, आतले रस्ते आणि पायवाटा मात्र तशाच ठेवायला सांगितल्या. माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेशही त्याच निकालात आहे.

मला या निकालातला विवेक आवडला. रहदारी जिथे आहे तिथे मातीला संरक्षण, उरलेल्या ठिकाणी मातीला मोकळीक. पण एक गोष्ट निकालाने नव्हे, तर गवंड्याने ठरते. ब्लॉकखाली वाळू-खडी घातली तर फटींतून पाणी खाली जाते. खाली काँक्रीटची लादी ओतली तर तोच ब्लॉक नुसता नक्षीचा उरतो. आणि बाजूला पाणी शांतपणे उतरवणारा दगडी चर नसेल, तर रस्त्याची माती वाचते आणि शेजारचा उतार वाहून जातो.

मग हे सगळे कळत असूनही होत का नाही? माझ्या मते अडचणी पैशाच्या कमी आणि सवयीच्या जास्त आहेत.

पहिली अडचण, पाण्याला मालक नाही. रस्ता बांधकाम खात्याचा, गटार नगरपरिषदेचे, मोरी रेल्वेची, नदी पाटबंधाऱ्याची आणि बिनशेतीचा हुकूम महसूल खात्याचा. पाऊस मात्र एकाच वेळी सगळ्यांवर पडतो.

दुसरी अडचण मापपुस्तकाची. काँक्रीटचे गटार इतके मीटर म्हणून मोजता येते, त्याचे बिल निघते, उद्घाटनाला फीत कापता येते. झाडे लावलेला खोलगट चर कशात मोजणार? आणि न बुजवलेल्या वहाळाचे बिल तर कोणालाच लावता येत नाही.

तिसरी देखभालीची. खाचराच्या बांधावर शेतकरी स्वतः जात होता, कारण भात त्याचे होते. सोसायटीच्या खड्ड्यातला गाळ काढायला कोण जाणार? राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर पर्जन्यजल संधारण सक्तीचे आहे. नियम चांगला आहे. पण दाखला मिळेपर्यंत खड्डा असतो आणि नंतर त्यावर गाडी उभी राहते, हे ज्याने त्याने आपल्या आवारात जाऊन बघावे.

चौथी अडचण आपल्या मनाची. शेणाने सारवलेले अंगण मागासलेले आणि फरशीचे अंगण सुधारलेले, हे आपणच ठरवले. चिखल नको म्हणून माती नको, माती नको म्हणून मग पाणीही मुरायला नको, अशी ही साखळी आहे.

संधीही आहेत, आणि त्या मुंबईपेक्षा आपल्याकडे जास्त आहेत. इथे अजून जमीन उघडी आहे. वहाळ अजून पुरते बुजलेले नाहीत. नव्या वसाहती अजून कागदावर आहेत, म्हणजे त्यांच्यात बदल फुकट करता येतो. वहाळाच्या दोन्ही बाजूंना काही मीटर पट्टा मोकळा सोडावा. कुंपणाच्या भिंतीला तळाशी पाण्यापुरत्या खिडक्या ठेवाव्यात. गाडीच्या चाकांपुरते दोनच पट्टे फरसबंद करून मधे गवत राहू द्यावे. बागेची जागा रस्त्यापेक्षा उंच करण्याऐवजी वीतभर खोल ठेवावी. जुन्या देवळांची तळी मे महिन्यात उपसावीत. आणि वाड्यांवर, शाळांवर छपराचे पाणी हौदात घ्यावे. हजार चौरस फूट छपरावर तीन हजार मिलीमीटर पाऊस म्हणजे पावणेतीन लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे सत्तावीस टँकर! सगळे साठवणे शक्य नाही हे खरे. पण त्यातले दोन टँकर जरी हौदात एप्रिलपर्यंत टिकले, तर वाडीतल्या बाईची एक उतरण आणि एक चढण रोज वाचते.

कर्जतला १९१९ पासून भात संशोधन केंद्र आहे. तिथे भाताच्या जातींवर काम होत आले आहे आणि त्याचा अभिमान आहेच. माझ्या मनात येते की भाताइतकाच खाचराचाही अभ्यास व्हावा. एक खाचर किती पाणी किती वेळ थोपवते, याचा आकडा तलाठ्याच्या आणि नगररचनाकाराच्या हाती असेल, तर बिनशेतीच्या हुकुमात एक ओळ वाढवता येईल: या जमिनीवर आजवर थांबणारे पाणी यापुढे कुठे थांबेल, ते अर्जदाराने दाखवावे. नकाशावर गटार दाखवून चालणार नाही. गटार पाणी कुठे जाईल ते सांगते, कुठे थांबेल ते सांगत नाही.

एवढी एक ओळ. ती आज घातली तर कर्जत-खालापूरची मुंबई होणार नाही. आणखी वीस वर्षांनी घातली तर तेव्हा दाखवायला जागाच उरलेली नसेल.